मुंबईतील ऐतिहासिक विमानांचे निरीक्षण व छायाचित्रण

मुंबईतील ऐतिहासिक विमानांचे निरीक्षण व छायाचित्रण हा विमाननिरीक्षण या छंदाचा एक उपप्रकार आहे. सेवेतून निवृत्त झालेली, संग्रहालयात मांडलेली किंवा एखाद्या विशेष प्रसंगी पुन्हा उडवली जाणारी जुनी विमाने पाहणे, त्यांचे प्रकार व क्रमांक नोंदवणे आणि छायाचित्रे घेणे यांचा त्यात समावेश होतो. इंग्लंडमधील डक्सफर्ड किंवा ओल्ड वॉर्डन येथे संग्रहालयाला लागूनच धावपट्टी असून तेथे जुनी विमाने प्रत्यक्ष उडतात. मुंबईत असे संग्रहालय नाही. त्यामुळे येथील हौशी निरीक्षकांचा संबंध जुहू विमानतळ, वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र, २०१२ पर्यंत नौदल गोदीत असलेली विक्रांत ही संग्रहालय-नौका आणि गोव्यातील नौदल विमानवाहतूक संग्रहालय या विखुरलेल्या स्थळांशी येतो.

पार्श्वभूमी

मुंबईच्या विमानविषयक आख्यायिकांत गिरगाव चौपाटीचे नाव पहिले येते. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर मानवरहित विमान उडवल्याचे सांगितले जाते. या घटनेचे छायाचित्र किंवा विश्वासार्ह समकालीन नोंद उपलब्ध नाही. तळपदे यांच्या नावाशी जोडल्या जाणाऱ्या 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथातील विमानरचना उडण्यायोग्य नाहीत, असा निष्कर्ष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्ये काढला. अशा दाव्यांच्या पडताळणीत छायाचित्र व लेखी नोंद यांना किती महत्त्व असते, हे या प्रकरणावरून दिसते.

नोंदींनी सिद्ध होणारा इतिहास जुहूपासून सुरू होतो. जुहू विमानतळ १९२८ मध्ये सुरू झाला व तो भारतातील पहिला नागरी विमानतळ मानला जातो. बॉम्बे फ्लाइंग क्लबची स्थापनाही त्याच वर्षी झाली. जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी डी हॅविलँड पस मॉथ या एका इंजिनाच्या विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूपर्यंत टपाल आणले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. जुहूची जमीन सखल असल्याने पावसाळ्यात धावपट्टी वापरता येत नसे व टपालसेवा पुण्याहून चालवावी लागे. पुढे मोठी वाहतूक सांताक्रूझला गेली. जुहू येथे सध्या मुख्यतः हेलिकॉप्टरांची ये-जा असते.

स्मृती-उड्डाणे

ऐतिहासिक विमान प्रत्यक्ष उडताना पाहण्याची संधी मुंबईकरांना प्रामुख्याने पहिल्या टपाल-उड्डाणाच्या वर्धापनदिनी मिळाली. १५ ऑक्टोबर १९६२ रोजी, तीस वर्षे पूर्ण झाल्यानिमित्त, जे. आर. डी. टाटा यांनी लेपर्ड मॉथ या जुन्या विमानातून कराची ते मुंबई हा प्रवास पुन्हा केला. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी पन्नास वर्षे पूर्ण झाली तेव्हा त्यांनी वयाच्या ७८ व्या वर्षी लेपर्ड मॉथमधूनच हे उड्डाण केले. २०२१ मध्ये आरोही पंडित यांनी त्याच तारखेस भूजहून अहमदाबादमार्गे जुहूपर्यंत उड्डाण करून या मार्गाचे स्मरण केले. मात्र त्यांचे विमान आधुनिक हलक्या बांधणीचे होते.

२२ एप्रिल २०२४ रोजी एअर इंडियाच्या ताफ्यातील उरलेल्या बोइंग ७४७ जातीच्या विमानाने मुंबईहून अमेरिकेकडे शेवटचे प्रयाण केले. एअर इंडियाकडे ही विमाने १९७१ पासून होती. उड्डाणानंतर वैमानिकाने पंख डावी-उजवीकडे हलवून निरोप दिला. या क्षणाची चित्रे मोठ्या प्रमाणावर प्रसृत झाली.

विक्रांत संग्रहालय-नौका

दक्षिण मुंबईत जुन्या लष्करी विमानांचे सर्वांत महत्त्वाचे प्रदर्शन विक्रांत या विमानवाहू नौकेवर होते. ब्रिटिश नौदलासाठी बांधायला घेतलेली ही नौका भारताने १९५७ मध्ये विकत घेतली. ४ मार्च १९६१ रोजी ती भारतीय नौदलात दाखल झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबईस आली. तिच्यावर सी हॉक ही जेट लढाऊ विमाने आणि अलिझे ही पाणबुडीविरोधी विमाने होती. १९७१ च्या युद्धात या विमानांनी चितगाव व कॉक्स बाजार येथील लक्ष्यांवर हल्ले केले. पुढे नौकेच्या पुढील टोकास चढण बांधून ती सी हॅरियर विमानांसाठी सज्ज करण्यात आली. ३१ जानेवारी १९९७ रोजी ती निवृत्त झाली.

२००१ मध्ये नौकेचे संग्रहालयात रूपांतर झाले. सी हॉक व अलिझे यांसारखी विमाने आणि जुनी हेलिकॉप्टरे तिच्यावर मांडण्यात आली होती. ज्या डेकवरून विमाने उडत असत त्यावरच ती उभी असल्याने विमान आणि नौका यांचे प्रमाण एका चित्रात टिपता येई. डेकची लांबी, दुमडणारे पंख, विमान थांबवणाऱ्या तारांसाठीचा शेपटीकडील आकडा आणि विमाने खालच्या हँगरमध्ये नेणारा उद्वाहक या गोष्टींचा परस्परसंबंध जमिनीवरील संग्रहालयात इतक्या स्पष्टपणे कळत नाही. नौका नौदल गोदीच्या संरक्षित क्षेत्रात असल्याने प्रवेश मर्यादित होता.

लोखंडी सांगाडा गंजल्यामुळे नौका असुरक्षित ठरली व २०१२ मध्ये संग्रहालय बंद झाले. ऑयस्टर रॉक या बंदरातील खडकाजवळ ती कायमची रुतवून ठेवण्याचा प्रस्ताव पूर्वी चर्चेत होता, पण तो प्रत्यक्षात आला नाही. नौका वाचवण्यासाठी केलेली जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये फेटाळली. सुमारे ६० कोटी रुपयांना तिची विक्री झाली. सर्वोच्च न्यायालयानेही दिलासा नाकारल्यावर नोव्हेंबर २०१४ मध्ये दारूखाना येथे तिची तोडणी सुरू झाली. तिच्या धातूपासून अर्झान खंबाटा यांनी घडवलेल्या स्मारकशिल्पाचे अनावरण २५ जानेवारी २०१६ रोजी नौदल गोदीच्या लायन गेटजवळ झाले.

विराट या दुसऱ्या विमानवाहू नौकेच्या बाबतीतही असेच घडले. ६ मार्च २०१७ रोजी ती मुंबईत निवृत्त झाली. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील निवतीजवळ तिचे संग्रहालय करण्याच्या प्रस्तावास राज्य मंत्रिमंडळाने २०१८ मध्ये मान्यता दिली, परंतु तो पूर्ण झाला नाही. सप्टेंबर २०२० मध्ये नौका तोडणीसाठी गुजरातमधील अलंग येथे रवाना झाली. दोन्ही नौका नष्ट झाल्यामुळे अभ्यागतांनी व हौशी निरीक्षकांनी त्यांच्यावर काढलेली छायाचित्रे दस्तऐवज म्हणून मोलाची ठरतात.

नेहरू विज्ञान केंद्र, वरळी

नेहरू विज्ञान केंद्राचे उद्घाटन ११ नोव्हेंबर १९८५ रोजी झाले. त्याच्या उद्यानात वाफेचे रेल्वे इंजिन व ट्रामचा डबा यांच्यासोबत एचएफ-२४ मरुत हे लढाऊ विमान उघड्यावर मांडलेले आहे. दादर, परळ, लालबाग या भागांतील शाळकरी मुलांना विमान हाताच्या अंतरावरून पाहता येईल असे हे जवळचे ठिकाण होय.

मरुतची रचना जर्मन अभियंता कुर्ट टांक यांच्या नेतृत्वाखाली बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात झाली. १७ जून १९६१ रोजी सुरंजन दास यांनी त्याचे पहिले उड्डाण केले. एकूण १४७ विमाने तयार झाली. रचना ध्वनीच्या दुप्पट वेगासाठी केलेली असली तरी योग्य ताकदीचे इंजिन न मिळाल्याने ते ध्वनिवेगाच्या आसपासच मर्यादित राहिले. निमुळते नाक, मागे झुकलेले पंख आणि पोटात शेजारी-शेजारी बसवलेली दोन इंजिने ही त्याची ओळखीची लक्षणे आहेत. १९७१ च्या युद्धात राजस्थान आघाडीवर ते वापरले गेले.

गोव्यातील नौदल विमानवाहतूक संग्रहालय

विमानतळालगतच्या विमानसंग्रहालयाचे मुंबईकरांना सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे गोव्यात बोगमाळो येथे, दाबोळी विमानतळाशेजारी असलेले संग्रहालय होय. त्याचे उद्घाटन १२ ऑक्टोबर १९९८ रोजी झाले. तेथे सी हॉक, अलिझे, सी हॅरियर, व्हॅम्पायर, फायरफ्लाय, सीलँड ही विमाने व कामोव्ह हेलिकॉप्टर पाहता येते.

तेथील लॉकहीड सुपर कॉन्स्टेलेशनचा मुंबईशी थेट संबंध आहे. हे चार इंजिनांचे, तीन उभ्या शेपट्यांचे विमान पूर्वी 'रानी ऑफ एलोरा' या नावाने एअर इंडियाच्या सेवेत होते. नंतर ते हवाई दलाकडे व १९७६ मध्ये सागरी टेहळणीसाठी नौदलाकडे गेले. एकाच विमानाने नागरी, हवाई दलाचा व नौदलाचा असे तीन वेगवेगळे क्रमांक धारण केल्यामुळे नोंदी ठेवणाऱ्या निरीक्षकांना ते विशेष महत्त्वाचे वाटते.

निरीक्षणाची पद्धत

निरीक्षक प्रथम विमानाचा प्रकार ओळखतो. पंख धडाच्या वर आहेत की खाली, इंजिने किती व कोठे आहेत, शेपटीचा आकार कसा आहे, यांवरून ते ठरते. त्यानंतर क्रमांक नोंदवला जातो. भारतीय नागरी विमानाच्या क्रमांकाची सुरुवात 'व्हीटी' या अक्षरांनी होते, तर नौदलाच्या विमानांवर 'आयएन' ही अक्षरे असतात. रंग बदलला तरी कारखान्याने दिलेला बांधणी क्रमांक बदलत नाही. म्हणून विमानाची खरी ओळख त्यावरून पटते. संग्रहालयात विमानाला पुन्हा रंग देताना चुकीचा क्रमांक पडण्याची शक्यता असते व जुन्या छायाचित्रांशी तुलना करून तो तपासता येतो.

छायाचित्रणात स्थिर व उडत्या विमानासाठी वेगळी तंत्रे वापरतात. पंख्याच्या विमानाचे चित्र फार जलद झडपेने घेतल्यास पंखा थांबल्यासारखा दिसतो. त्यामुळे झडपेचा वेग साधारण १/१२५ ते १/२५० सेकंद ठेवून कॅमेरा विमानाच्या गतीने फिरवला जातो. जेट विमानासाठी १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद झडप चालते. दुपारी तापलेल्या धावपट्टीवरील हवा हलत असल्याने दूरचे चित्र अस्पष्ट येते. म्हणून सकाळची वेळ पसंत केली जाते.

उघड्यावर ठेवलेल्या विमानांना समुद्रकिनाऱ्यावरील खारी हवा व पावसाचा धोका असतो. वेगवेगळे धातू जोडलेल्या ठिकाणी, विशेषतः रिव्हेटभोवती, ॲल्युमिनियमची झीज लवकर सुरू होते. ठरावीक काळाने एकाच कोनातून घेतलेल्या चित्रांवरून ही झीज किती वाढली हे समजते.

कायदेशीर निर्बंध

विमान नियम, १९३७ मधील नियम १३ नुसार सरकारी विमानतळावर लेखी परवानगीशिवाय छायाचित्र घेण्यास निर्बंध आहे. लष्करी स्थळांना शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ लागू होतो. २०१० मध्ये दिल्ली विमानतळाजवळ विमानांच्या नोंदी घेणाऱ्या दोन ब्रिटिश पर्यटकांना ताब्यात घेण्यात आले होते. छंद म्हणून केलेली नोंदही संशयास कारण ठरू शकते हे त्यातून दिसून आले. या पार्श्वभूमीवर संग्रहालये आणि ४ डिसेंबरच्या नौदल दिनानिमित्त गेटवे ऑफ इंडिया परिसरात झालेल्या जाहीर प्रात्यक्षिकांसारखे प्रसंग हौशी छायाचित्रकारांना तुलनेने मोकळे ठरतात.

हे सुद्धा पहा

जुहू विमानतळ
आयएनएस विक्रांत
आयएनएस विराट
नेहरू विज्ञान केंद्र
एचएएल एचएफ-२४ मरुत
जे. आर. डी. टाटा