पोलिओचे थेंब : एक खोटी आवई आणि एक खरी गोष्ट



पोलिओचे थेंब पाजणाऱ्या भगिनी गल्लीत आल्या की दार लावून घेणारी घरे आपल्या मोहल्ल्यांतून होती, हे आपण नाकारू नये. या थेंबांमुळे मुले पुढे निपुत्रिक होतात, अशी आवई उत्तर प्रदेशात उठली होती. ती निखालस खोटी होती. परंतु थेंबांपासून कधीच कोणाला इजा होत नाही, असे जे सरसकट उत्तर दिले जाई, तेही पूर्ण खरे नव्हते. ही दुसरी गोष्ट आपल्याला फारशी कोणी सांगितली नाही, म्हणून आज ती सांगतो.

१९५५ साली जोनास साल्क यांची टोचून घेण्याची लस निघाली. तिच्यातील विषाणू मृत होते. अल्बर्ट सेबिन यांनी मात्र विषाणू जिवंत ठेवला आणि माकडाच्या पेशींत पुन्हा पुन्हा वाढवून दुबळा केला. ही लस स्वस्त, सुई नको, आणि संरक्षण थेट आतड्यात. १९५९ साली सोव्हिएत संघात ती लाखो मुलांना दिली गेली. पुढे ती अमेरिकेतही आली, आणि १९६२ सालीच तेथे थेंब घेतल्यानंतर काहींचे अवयव लुळे पडल्याच्या नोंदी झाल्या. सेबिन यांना हे मान्य होईना. हा संबंध ते पुष्कळ वर्षे नाकारीत राहिले. (विद्वानालाही आपल्या अपत्याचा दोष लवकर दिसत नाही!) मोजणाऱ्यांनी मोजणे सोडले नाही, हे महत्त्वाचे.

१९७९ नंतर अमेरिकेत मूळ विषाणूची स्थानिक साथ उरली नाही. तरीही १९८० ते १९९९ या वीस वर्षांत लुळेपणाचे १६२ रोगी नोंदले गेले, आणि त्यांपैकी १५४ जणांना तो लसीतील विषाणूमुळेच आला होता. सुमारे चोवीस लाख डोसांमागे एक, असे हे प्रमाण. पहिल्या डोसाला धोका बराच अधिक. जन्मतः प्रतिकारशक्ती नसलेल्या बालकांना पुष्कळच अधिक. आतड्यात वाढताना दुबळा विषाणू क्वचित आपले जुने बळ परत मिळवतो, हे त्याचे कारण. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. लस नव्हती तेव्हा, १९५२ या एकाच वर्षी, त्याच देशात एकवीस हजारांवर माणसे लुळी पडली होती. रोग हटल्यावर मात्र ते १५४ जण डोळ्यांत भरू लागले, आणि २००० साली अमेरिकेने थेंब सोडून मृत विषाणूची सुई स्वीकारली.

पण म्हणून थेंब नाकारणारे शहाणे ठरतात काय? नायजेरियातील कानो प्रांताकडे पाहा. तेथे वस्ती बहुतांश मुस्लिम. १९९६ साली मेंदूज्वराच्या साथीत एका परदेशी औषध कंपनीने तेथील मुलांवर नव्या औषधाची चाचणी घेतली होती. त्याचा राग लोकांच्या मनात होता, आणि तो निराधार नव्हता. २००३ साली तेथे पोलिओचे थेंब बंद पाडले गेले. मुस्लिम देश म्हणून इंडोनेशियातून लस मागवली, तेव्हा २००४ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. तोवर मूळ विषाणू कितीतरी देशांत पसरला. खुद्द इंडोनेशियातही २००५ साली साथ आली. पुढे आणखी एक संकट आले. सर्वांनी लस घेतलेल्या वस्तीत दुबळ्या विषाणूला पुढे जायला जागा मिळत नाही. अर्धी मुले कोरी असली की तो एका मुलाकडून दुसऱ्याकडे वर्ष-वर्ष फिरतो आणि बळावतो. उत्तर नायजेरियात २००५ पासून अशा बळावलेल्या विषाणूने शेकडो मुले पांगळी केली. थेंबांच्या भीतीने ज्यांना दूर ठेवले, त्यांनाच थेंबांतला विषाणू भोवला.

आपल्या देशात २००२ साली सोळाशे रोगी निघाले. बहुतेक उत्तर प्रदेशातील, आणि त्यांत आपल्या मुलांची संख्या लोकसंख्येच्या मानाने फार मोठी. पुढे इमामसाहेबांनी मशिदींतून आवाहने केली, अलीगढ मुस्लिम विद्यापीठ आणि जामिया मिल्लिया यांसारख्या संस्था पुढे आल्या, आणि दारे उघडली. १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यातील एका मुलीला झालेला पोलिओ हा मूळ विषाणूचा भारतातील शेवटचा रुग्ण ठरला. २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला.

मग येथेही अमेरिकेसारखाच विचार झाला. दोन नंबरचा मूळ विषाणू १९९९ साली अलीगढ येथे शेवटचा आढळला होता. म्हणून एप्रिल २०१६ मध्ये थेंबांतून तो प्रकार काढून टाकण्यात आला. त्याआधी, नोव्हेंबर २०१५ पासून, मृत विषाणूची सुई सुरू झाली होती. बाळाच्या कार्डावर दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने या रकान्यांत थेंबांखेरीज पोलिओची जी टोचणी लिहिलेली असते, ती हीच. आणि घरातील एखादे मूल जन्मापासून वारंवार गंभीर आजारी पडत असेल, तर थेंब पाजण्यापूर्वी डॉक्टरांना तसे अवश्य सांगा.