बडोद्याची नोकरी: सोडणारे आणि राहिलेले

बडोदे संस्थानच्या नोकरीत राहिलेल्या माणसांबद्दल आपल्या चरित्रलेखनात एक सूक्ष्म अढी दिसते. अरविंद घोष 1893 मध्ये तिथे आले आणि 1906 मध्ये बंगालच्या चळवळीत गेले, म्हणून बडोदे ही त्यांची पूर्वतयारी ठरली. गोविंद सखाराम सरदेसाई 1889 मध्ये रुजू झाले आणि 1925 पर्यंत तिथेच राहिले, म्हणून रियासतकार म्हणून कितीही गौरव झाला तरी शेवटी ते दरबारचे पगारदार. सोडणारा धीट आणि राहणारा भिडस्त, असा हा सोपा हिशेब आहे. मला तो पटत नाही. या नोकरीविषयीची दुविधा माणसांच्या स्वभावातून आली त्यापेक्षा नोकरीच्या घडणीतूनच अधिक आली.

बडोद्याचे महाराज सयाजीराव यांच्या हाती 1881 मध्ये कारभार आला, तेव्हा त्यांना शिकलेली माणसे हवी होती आणि ती कुठल्या खात्यात बसवायची याचे बंधन त्यांनी फारसे मानले नाही. अरविंदांची सुरुवात दोनशे रुपयांवर जमीन मोजणीच्या खात्यात झाली. पुढे महसूल, मग सचिवालय, मग कॉलेजात फ्रेंच आणि इंग्रजी. शिवाय महाराजांच्या पत्रांचे आणि भाषणांचे मसुदे होतेच. सरदेसाई महाराजांचे वाचक, राजपुत्रांचे शिक्षक आणि परदेशच्या फेरीतले सोबती. इंग्रज सरकारच्या नोकरीत नियमांची भिंत आड येई, पण तीच आधारही देई. इथे सारे हुजुरांच्या मर्जीवर. मर्जी असेल तर माणसाच्या अंगच्या गुणांना वाव मिळे. पण तीच मर्जी त्याची संध्याकाळही मागून घेई. सुख आणि जाच एकाच हातून मिळत होते, त्यामुळे एक ठेवून दुसरा नाकारण्याची सोयच नव्हती. सरदेसायांच्या रियासतींचा, म्हणजे त्यांच्या इतिहासग्रंथमालेचा, उगमही या धबडग्यातलाच: राजपुत्रांना इतिहास शिकवण्यासाठी केलेल्या टिपणांतून मुसलमानी रियासत उभी राहिली आणि 1898 मध्ये छापली गेली.

यावर कोणी इतिहाससंशोधक राजवाडे यांच्याकडे बोट दाखवील, आणि ते योग्यच आहे. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड त्याच 1898 सालचा. थोडी वर्षे शिक्षकी करून राजवाड्यांनी नोकरीकडे पाठ फिरवली, दप्तरांसाठी गावोगाव पायपीट केली आणि बावीस खंड काढले. कुणाच्या मर्जीची पर्वा नसल्याची धार त्यांच्या प्रस्तावनांना आहे. सरदेसायांच्या संथ, सावध गद्यात ती क्वचितच सापडते. एवढे मान्य. पण सगळा मराठी इतिहास एका सलग कथनात गुंफण्याचे काम वर्षानुवर्षे रोज थोडे थोडे करावे लागते आणि त्याला दरमहा येणारा पगार मानवतो. पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे 45 खंड सरदेसायांनी संपादले ते नोकरीतून मोकळे झाल्यावर, हे खरे; मात्र त्या कामाची शिस्त बडोद्यातच अंगवळणी पडली होती. आणि धीटपणाचे म्हणाल, तर अरविंदही 1906 मध्ये गेले ते बिनपगारी रजा काढून. कलकत्त्याच्या राष्ट्रीय कॉलेजात दीडशे रुपये पत्करणाऱ्या माणसाला पैशाचा मोह होता असे कोण म्हणेल? तरीही दोर एकदम कापला नव्हता. शिवाय मराठी, बंगाली आणि संस्कृतचा त्यांचा अभ्यास याच तेरा वर्षांतला. इंदुप्रकाश या वृत्तपत्रातले काँग्रेसवरचे जळजळीत लेखही संस्थानच्या पगारावर असतानाच लिहिलेले.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे: एका सरदेसायांमागे कितीतरी कारकून असे, ज्यांनी काहीच लिहिले नाही. बडोद्याच्या रावपुऱ्यात, दांडिया बाजारात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांत पगार हे घर चालवण्याचे साधन होते, ग्रंथनिर्मितीचे नव्हे. त्यांच्या कुढण्याला रियासतींचे उत्तर देणे उद्धटपणाच होईल. म्हणून राहणे हितकारक होते असा माझा दावा नाही. कोण राहिला आणि कोण गेला एवढ्यावरून माणूस तोलता येत नाही, एवढेच म्हणणे आहे.

आणि राहावे की जावे ही ओढाताण सगळ्यांच्या नशिबी तरी कुठे होती? बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर 1913 मध्ये अमेरिकेला गेलेल्या भीमराव आंबेडकरांनी संस्थानची दहा वर्षे नोकरी करण्याचा करार केला होता. सप्टेंबर 1917 मध्ये ते रुजू झाले. महाराजांची मर्जी होती, जागा होती, पगार होता. शहरात राहायला घर मात्र नव्हते. कचेरीत शिपाई कागद लांबून टाकत. पारशी धर्मशाळेत ओळख लपवून काढलेले दिवस अकराव्या दिवशी संपले, कारण हातात काठ्या घेतलेला जमाव दारात आला. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राने आसरा नाकारला. कामाठी बागेत तासन् तास बसून त्यांनी रात्रीची मुंबईची गाडी पकडली. सरदेसायांना छत्तीस वर्षे ज्या नोकरीविषयी तक्रार करण्याची मुभा होती, तिच्यात आंबेडकरांना महिनाभरही धड तग धरू दिला गेला नाही. पुढे 1918 मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात त्यांना प्राध्यापकी मिळाली आणि 1920 मध्ये अर्थशास्त्राचा अपुरा अभ्यास पुरा करण्यासाठी त्यांनी ती सोडली. तो निर्णय मात्र त्यांचा स्वतःचा होता.