जुहू की सांताक्रुझ?

२४ सप्टेंबर १९७२ रोजी सकाळी जपान एअरलाइन्सचे डीसी-८ विमान मुंबईत उतरले, ते सांताक्रुझऐवजी जुहूच्या धावपट्टीवर! लंडनहून टोकियोला निघालेले ते अवजड जेट. जुहूची धावपट्टी सव्वा किलोमीटरही नाही. विमान तिच्या पलीकडे गेले व कायमचे निकामी झाले. आतील १२२ जणांपैकी काही जखमी झाले. प्राण मात्र एकाचाही गेला नाही, ही परमेश्वराची कृपाच.

वैमानिकाला बोल लावणे सोपे आहे. पण आधी नकाशा पाहावा. जुहूचे विमानतळ १९२८चे. १९३२ साली जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन तेथेच उतरले. महायुद्धानंतर मोठी वाहतूक शेजारच्या सांताक्रुझला गेली, जुहू मात्र राहिले. दोहोंमध्ये जेमतेम दोन-तीन किलोमीटर अंतर, धावपट्ट्याही जवळपास एकाच दिशेच्या, आणि समुद्रावरून येणाऱ्याला आधी लागते ते जुहू. केवळ नजरेने धावपट्टी हेरून उतरणाऱ्याने पहिलीच आपली मानावी, यात नवल ते काय?

शिवाय इशारा मिळालेला होता. १५ जुलै १९५३ रोजी बी.ओ.ए.सी.चे कॉमेट विमान असेच जुहूला उतरले होते. नऊ दिवसांनी ते तेथून उडवून नेण्यात आले. लंडनलाही हीथ्रो आणि नॉर्थोल्ट यांची अशीच गल्लत होई. १९६० साली पॅन अमेरिकनचे बोइंग ७०७ नॉर्थोल्टला उतरले. तेथे वाटेवरील दोन गॅसटाक्यांवर ‘एलएच’ आणि ‘एनओ’ ही अक्षरे भल्या मोठ्या आकारात रंगविण्यात आली. खर्च तो केवढा! मुंबईत मात्र १९ वर्षांनी तीच चूक पुन्हा घडली, आणि या खेपेस विमान उडवून नेण्याजोगे उरले नाही.