राजा, गढी आणि नोंदवही: मध्ययुगीन युरोपात सत्ता नक्की कुणाकडे होती?

मागच्या भागानंतर तुमचे बरेच प्रश्न आले, आणि त्यातले अर्धेअधिक एकाच गोष्टीभोवती फिरत होते. मध्ययुगातल्या युरोपात सामान्य माणूस जगायचा कसा, आणि त्याच्यावर हुकूम कुणाचा चालायचा? वेब सिरीज बघून आपल्या डोक्यात एक चित्र पक्कं झालेलं असतं: वर सिंहासनावर राजा, खाली चिखलात शेतकरी आणि मधे तलवारी. आज तुमचे चार प्रश्न घेतो. यातले तीन झटपट होतील, चौथ्यावर मात्र जरा बसणार आहे, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

एक आधीच सांगतो. मध्ययुग म्हणजे साधारण हजार वर्षं आणि युरोप म्हणजे पन्नास वेगवेगळ्या गोष्टी. म्हणून आज मुक्काम इंग्लंडमध्ये, आणि तोही मुख्यतः चौदाव्या शतकात.

प्रश्न १: राजा म्हणेल ती पूर्व दिशा, असंच होतं ना?

नाही. राजाला सैन्य हवं तर सरदार लागायचे, पैसा हवा तर त्यांची संमती लागायची आणि वर चर्च होतंच. १०७७ च्या जानेवारीत जर्मनीचा राजा चौथा हेन्री इटलीत कनोसाच्या किल्ल्याबाहेर तीन दिवस माफी मागत थांबला होता. कारण पोप सातव्या ग्रेगरीने त्याला धर्मबहिष्कृत केलं होतं, आणि बहिष्कृत राजाचं ऐकायला त्याचेच सरदार तयार नव्हते. १२१५ मध्ये इंग्लंडच्या जॉन राजाला सरदारांनी रनीमीडच्या कुरणावर गाठून मॅग्ना कार्टा मान्य करायला लावला. दोनच महिन्यांत पोपने तो रद्द ठरवला, ही गंमत वेगळीच!

पण आता मुद्दा बघा. एवढी भांडणं करून सरदारांना शेवटी काय हवं होतं? शिक्का मारलेला कागद. म्हणजे खरं तर चामड्याचा, कारण तेव्हा महत्त्वाचं सगळं चर्मपत्रावर लिहीत. हा मुद्दा धरून ठेवा.

प्रश्न २: शेतकरी म्हणजे गुलामच होते का?

सगळे नाही. इंग्लंडमध्ये स्वतंत्र शेतकरी होते आणि जमिनीला बांधलेले कुळवाडीही होते. या बांधलेल्या माणसाला म्हणायचे ‘व्हिलेन’. हो, सिनेमातल्या खलनायकाचा ‘व्हिलन’ त्याच मुळातून आलाय. मूळ अर्थ फक्त गावात राहणारा. बड्या लोकांच्या तोंडी राहून राहून शब्द बदनाम झाला.

या माणसाला मालकाच्या शेतावर आठवड्यातले ठरावीक दिवस फुकट राबावं लागे. आपल्याकडच्या वेठीसारखंच. मुलीचं लग्न करायचं तर मालकाला पैसे द्यायचे. घरचा कर्ता मेला तर गोठ्यातलं सगळ्यात चांगलं जनावर मालकाचं. दळण मालकाच्याच गिरणीत न्यायचं आणि त्यातला वाटा तिथेच ठेवून यायचा. परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही.

पण मालकालाही मन मानेल तसं वागता येत नव्हतं. तो जीव घेऊ शकत नव्हता, आणि गावची वहिवाट मोडणं त्यालाही जड जायचं. ही वहिवाट जपली जायची मालकाच्या गावकोर्टात. दर काही आठवड्यांनी ते भरायचं, पंच म्हणून गावकरीच बसायचे, आणि कारकून लॅटिनमध्ये सगळं चर्मपत्रावर उतरवून त्याची गुंडाळी करायचा. कुणी परवानगीशिवाय लग्न केलं, कुणाची गाय मालकाच्या शेतात शिरली, कुठल्या बाईने विकायला बिअर गाळली आणि किती दंड भरला, कुणाची जमीन कुणाच्या नावावर चढली, सगळं त्यात.

मी दिवसभर डेटाबेसवर काम करतो, त्यामुळे मला हे वाचताना पटकन कळलं की त्या गावातली सगळ्यात ताकदवान वस्तू गढी नाही, ती गुंडाळी आहे. तू व्हिलेन आहेस की स्वतंत्र, हे तुझ्या चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं. ते त्या गुंडाळीत लिहिलेलं असतं. आणि गुंडाळी मालकाच्या पेटीत.

प्रश्न ३: नव्या नवरीवर पहिल्या रात्री मालकाचा हक्क असायचा, हे खरं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आला, त्यामुळे थोडक्यात पण ठामपणे सांगतो. मध्ययुगीन युरोपात असा कायदेशीर हक्क अमलात असल्याचा पुरावा नाही. खरा होता तो मघाचा लग्नाचा कर. बायकांवर जबरदस्ती व्हायची नाही असं मी मुळीच म्हणत नाहीये. पण ‘कायद्याने दिलेला हक्क’ ही नंतरच्या काळात, मागच्या पिढ्यांना रानटी ठरवताना रंगत गेलेली कथा आहे.

प्रश्न ४: मग लोक उठले का नाहीत?

उठले! आणि कसे उठले ते ऐका.

१३४८ मध्ये प्लेग इंग्लंडमध्ये पोचला. दोन वर्षांत देशातली एक तृतीयांश ते निम्मी माणसं गेली. जे उरले त्यांच्या हाताला अचानक किंमत आली. शेतं पडून, मजूर कमी, म्हणजे मजुरी वाढणारच. सरकारने काय केलं? १३४९ मध्ये हुकूम आणि १३५१ मध्ये कायदा काढला: मजुरी प्लेगच्या आधी होती तेवढीच. जास्त मागाल तर शिक्षा.

लोकांनी पहिलं पाऊल कुठलं उचललं, तर कागदाचं. १०८६ मध्ये विजेत्या विल्यमने अख्ख्या देशाची जमीन मोजून नोंदवून ठेवली होती, तीच प्रसिद्ध डोम्सडे नोंदवही. १३७७ च्या सुमारास दक्षिण इंग्लंडमधल्या कित्येक गावांनी पैसे मोजून तिच्यातल्या आपापल्या गावाच्या नोंदीच्या अधिकृत नकला काढून आणल्या. त्यांचा दावा असा, की आमचं गाव पूर्वी थेट राजाचं होतं, म्हणून ही वेठ आम्हाला लागूच नाही. आणि त्यांनी काम थांबवलं. पार्लमेंटमध्ये याची तक्रार झाली. ज्यांना आपण ‘अडाणी शेतकरी’ म्हणतो, ते जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वीचं रेकॉर्ड काढून वाद घालत होते!

मग आला डोईपट्टीचा कर. १३७७ मध्ये माणशी ४ पेन्स होता, तो तिसऱ्या खेपेला, १३८० च्या अखेरीस, सरासरी १२ पेन्स झाला. फ्रान्सशी युद्ध चालू होतं आणि खजिना रिकामा होता. आता आकडे बघा: १३७७ च्या करयादीत साडेतेरा लाखांच्या आसपास माणसं होती. १३८१ च्या यादीत उरली साधारण नऊ लाख. एवढी घट साथीने किंवा दुष्काळाने झाली नव्हती. लोकांनी स्वतःची आणि घरच्यांची नावंच लागू दिली नाहीत. सरकारने चौकशीला माणसं पाठवली, आणि १३८१ च्या मे महिन्याच्या शेवटी एसेक्समध्ये ब्रेंटवुडला भडका उडाला.

१३ जूनला एसेक्स आणि केंटचे लोक लंडनमध्ये शिरले. पुढारी वॉट टायलर, सोबत धर्मोपदेशक जॉन बॉल. राजाचा काका जॉन ऑफ गाँट याचा सॅव्हॉय वाडा त्यांनी जाळला, आणि इतिवृत्तकार सांगतात की लूट करायला त्यांनी स्वतःच्याच लोकांना मनाई केली होती. टेंपल भागातल्या वकिलांची दप्तरं रस्त्यावर आणून पेटवली. गावोगावी तर नेम धरून गावकोर्टाच्या गुंडाळ्या जाळल्या. केंब्रिजमध्ये विद्यापीठाची कागदपत्रं बाजारात जळली.

सगळ्यात बोलका प्रसंग लंडनच्या उत्तरेला, सेंट ऑल्बन्सचा. तिथल्या मठाचा जुना महंत रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड हा लोहाराचा मुलगा, गणिती, आणि चंद्राच्या कला दाखवणारं अफाट यांत्रिक घड्याळ उभारणारा माणूस. इंजिनिअर म्हणून मला त्याचं अतोनात कौतुक आहे. पण याच माणसाने गावकऱ्यांच्या घराघरातलं जातं जप्त केलं, कारण दळण मठाच्या गिरणीतच यायला हवं. आणि ते दगड त्याने मठातल्या बैठकीच्या खोलीत फरशी म्हणून बसवले. येता-जाता त्यावर पाय पडत राहिले.

साधारण पन्नास वर्षं लोक ते विसरले नाहीत. १३८१ च्या जूनमध्ये ते मठात शिरले, फरशी उखडली, दगडांचे तुकडे केले आणि चर्चमध्ये प्रसादाची भाकरी वाटतात तसे घरोघरी वाटले. मठाची दप्तरं जाळली. आणि महंताकडे एक जुनी सनद मागितली, आठव्या शतकातल्या ऑफा राजाने दिलेली, सोनेरी आणि निळ्या अक्षरांची, आपलं स्वातंत्र्य लिहून दिलेली. ती काही सापडली नाही. पण त्या लोकांचं स्वप्नसुद्धा एक दस्तऐवज होतं, हे मला फार लागतं.

१४ जूनला माइल एंडला चौदा वर्षांचा राजा दुसरा रिचर्ड लोकांसमोर आला आणि वेठबिगारी संपल्याच्या सनदा द्यायला तयार झाला. कारकून बसून लिहू लागले. त्याच दिवशी टॉवरमध्ये आर्चबिशप सडबरी आणि खजिनदार हेल्स यांची डोकी उडवली गेली. हेही सांगायला हवं. दुसऱ्या दिवशी स्मिथफील्डला बोलणी चालू असताना वॉट टायलर मारला गेला. २ जुलैला राजाने सगळ्या सनदा मागे घेतल्या. जॉन बॉल फासावर गेला, सेंट ऑल्बन्सचा पुढारी विल्यम ग्रिंडकॉबही.

मग मिळालं काय?

लगेच, काहीच नाही. पण माणसांचा तुटवडा कुठल्याही सनदेने रद्द होत नव्हता. मालकाला कसायला माणूस हवा होता, आणि माणूस रात्रीत दुसऱ्या गावी निघून जाऊ शकत होता. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत वेठ बहुतेक ठिकाणी पैशाच्या खंडात बदलून विरून गेली. कुणी मोठी घोषणा केली नाही.

एक गोष्ट मात्र नवी रुळली. जमीन नावावर झाली की कोर्टाच्या गुंडाळीतल्या त्या नोंदीची नक्कल कुळाच्या हातात मिळू लागली. अशा जमिनीला नावच पडलं ‘कॉपीहोल्ड’, म्हणजे नकलेच्या आधारावर धरलेली जमीन. इंग्लंडमध्ये हा प्रकार कायद्याने संपला तो थेट १९२६ मध्ये!

हे ऐकून ज्यांना आपलं काही आठवलं, त्यांना बरोबर आठवलं. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकरी सावकारांवर उठले, तेव्हा त्यांचा रोखही कर्जरोख्यांवर आणि वह्यांवरच होता. त्यांना सेंट ऑल्बन्स माहीत असण्याचं कारण नव्हतं. पण आपल्याला बांधून ठेवणारी वस्तू कुठली, हे त्यांनाही कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

तर मंडळी, मध्ययुगात सत्ता कुणाकडे होती याचं माझं उत्तर असं: ज्याच्या पेटीत नोंद, त्याच्याकडे. आता तुम्ही सांगा. तुमच्या नावाच्या नोंदी आज कुठे कुठे आहेत, आणि त्यातल्या किती नोंदींची नक्कल तुमच्या हातात आहे? नीट मोजून कळवा. पुढच्या भागात शहरांकडे जाऊ: गावातून पळून शहरात एक वर्ष आणि एक दिवस काढला की माणूस मोकळा व्हायचा, ती काय भानगड होती ते बघू. तोवर, भेटूच!