आडवे, उभे आणि आमचे थोरले काका

आपल्या गेटजवळच्या बाकावर रोज संध्याकाळी पाच ते सहा जे चालते, त्याची नोंद कमिटीच्या एकाही वार्षिक अहवालात नाही. सोसायटीच्या ऑफिसात येणाऱ्या पेपरातले शब्दकोडे तिथे सोडवले जाते. पेन्सिल एक, चष्मे पाच, आणि मते किमान सात. सोसायटीचा पंचवीस वर्षांचा इतिहास या स्मरणिकेत इतर मंडळी लिहिणारच आहेत, म्हणून मी कोड्याचा लिहितो. त्याचा आमच्या घराशी एक जुना हिशोबही आहे. तो शेवटी सांगतो.

शब्दकोडे तसे फार जुने नाही. लिव्हरपूलमध्ये जन्मलेला आर्थर विन नावाचा पत्रकार न्यूयॉर्कच्या ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वर्तमानपत्रात काम करत होता. २१ डिसेंबर १९१३ रोजी रविवारच्या पुरवणीत त्याने एक नवीन खेळ छापला. आकार पतंगासारखा, मध्ये पोकळ, आणि नाव ‘वर्ड-क्रॉस’. पुढे काही आठवड्यांत छापताना शब्दांची अदलाबदल झाली आणि ‘क्रॉस-वर्ड’ हेच नाव चिकटले. १९२४ साली सायमन आणि शुस्टर या दोन तरुण प्रकाशकांनी आपले पहिलेच पुस्तक काढले, ते शब्दकोड्यांचे. सोबत पेन्सिल जोडलेली! ते धडाधड खपले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने मात्र त्या काळी हा वेळेचा अपव्यय म्हणून नाक मुरडले होते. त्याच पेपरने १५ फेब्रुवारी १९४२ पासून स्वतःचे कोडे सुरू केले, आणि आज जगात सगळ्यात नाव आहे ते त्याच्याच कोड्याचे.

या खेळाची खरी गंमत आडव्या-उभ्याच्या छेदात आहे. आडवा शब्द चुकला तर उभा अडतो. म्हणजे प्रत्येक उत्तराला दुसरे उत्तर साक्षीदार असते. बाकावर कितीही वाद झाला तरी शेवटी निकाल चौकोनच देतात, वयाने मोठा कोण ते बघत नाहीत.

मराठीत हा खेळ आला तेव्हा त्याला आपल्या लिपीप्रमाणे वागावे लागले. इंग्रजीत एका चौकोनात एक अक्षर, म्हणून ‘मुंबई’ला सहा चौकोन लागतात. आपल्याकडे काना-मात्रेसकट अख्खे अक्षर एका चौकोनात बसते, म्हणून तीनच. ‘महाराष्ट्र’ चार चौकोनांत मावतो, पण शेवटच्या ‘ष्ट्र’ने कोडे रचणाऱ्याच्या तोंडाला फेस येतो. ‘ष्ट्र’ने सुरू होणारा शब्दच नाही. मग उभ्यात ‘राष्ट्रपती’ आणा, नाहीतर ‘धृतराष्ट्र’. ऱ्हस्व-दीर्घाचे तसेच. ‘कवी’च्या शेवटी दीर्घ ‘वी’, त्यावरून खाली ‘वीणा’ उतरते, ‘विहीर’ उतरत नाही. माझ्या नातवाला शुद्धलेखनाचे नियम शाळेपेक्षा या चौकोनांनी जास्त शिकवले असे मी म्हणतो. त्याची आई हसते, पण नाही म्हणत नाही.

आणि उत्तरामागची गोष्ट निघाली की सहाचे साडेसहा होतात. एकदा ‘बांधकामावरचे लोखंडी भांडे’ आले, तीन अक्षरी. आम्ही सगळे शिकलेले, कोणाला काही सुचेना. टाकी साफ करायला आलेला माणूस जाता जाता म्हणाला, “घमेले की!” नंतर घरी येऊन शोधले, तर हा शब्द पोर्तुगीजांकडून आलेला. पगार, बटाटा, चावी, बादली, पाव हे सगळे त्याच गलबतातले पाहुणे. दुसऱ्या दिवशी सांगितले तर कोणी विश्वास ठेवीना. पगार आपला नाही म्हणजे काय! मग एकदा ‘शिवरायांच्या अष्टप्रधानांतील परराष्ट्र व्यवहार पाहणारा’, उत्तर ‘सुमंत’. त्याच पदाला आधी ‘डबीर’ म्हणत. महाराजांनी राज्यकारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ करवून घेतला, तो विषय त्या दिवशी काळोख पडेपर्यंत चालला.

आता हिशोबाकडे येतो. आमच्या लहानपणी घरात पेपरातल्या कोड्याला हात लावायची बंदी होती. वडिलांसमोर तो शब्दही काढायचा नाही. कारण आमचे थोरले काका. स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत बक्षिसांच्या शब्दकोड्यांचे पेव फुटले होते. प्रवेशिका भरायची, फीचे पैसे पाठवायचे, आणि हजारो रुपयांच्या बक्षिसाची वाट बघायची. काका दर आठवड्याला पैसे पाठवत. बक्षीस कधी आले नाही, काकूंच्या पाटल्या मात्र गेल्या. वडील म्हणत, “अण्णाला अक्कल नाही, उगाच शब्द जुळवतो.” काका ऐकून घेत.

काकांचे काय चुकले, हे मला पुष्कळ उशिरा कळले. त्या कोड्यांत छेदच अपुरे असत. समजा सूचना आहे: ‘हे मिळाले की गरीब सुखावतो’. दुसरे अक्षर ‘न’, पहिल्या चौकोनाला उभा शब्दच नाही. मग ‘मान’ की ‘दान’? दोन्ही बरोबर. (आपल्या बाकावर ‘पान’सुद्धा निघाले.) असे दहा चौकोन दोन-दोन पर्यायांचे असले, तर १०२४ वेगवेगळी उत्तरे होतात. एका प्रवेशिकेला चार आणे धरले तरी सगळी भरायला २५६ रुपये! आणि त्यातले ‘खरे’ कोणते, ते स्पर्धा भरवणाऱ्याच्या हातात. तिथे शब्दसंग्रह काय कामाचा?

हाच प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. मुंबई राज्याने १९४८ च्या कायद्याने अशा स्पर्धांवर नियंत्रण आणि कर बसवला. पण बंगलोरला छापलेले कोडे इथे येऊन खपत होते, म्हणून १९५२ मध्ये कायदा सुधारून राज्याबाहेर छापलेल्या स्पर्धाही त्यात घेतल्या. त्यावरून चमारबागवाला खटला उभा राहिला. उच्च न्यायालयात राज्य सरकार हरले. ९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला: ही स्पर्धा जुगारच आहे, आणि जुगाराला व्यापार म्हणून घटनेचे संरक्षण मागता येणार नाही. दरम्यान १९५५ मध्ये केंद्राचाही कायदा आला होता. महिन्याला हजार रुपयांपेक्षा जास्त बक्षिसांच्या अशा स्पर्धांना त्याने बंदी घातली. न्यायालयाने त्याच दिवशी स्पष्ट केले की हा कायदा नशिबावर चालणाऱ्या स्पर्धांना लागू आहे. ज्यात खरोखर कौशल्य लागते त्यांना नाही. क्लबहाउसमधल्या रमीवाल्यांनीही हे वाचावे. पुढे रमीच्या खटल्यांत ‘कौशल्य की नशीब’ हीच रेघ पुन्हा ओढली गेली.

म्हणजे काका शब्द येत नव्हते म्हणून हरले नाहीत. त्यांना शब्द उत्तम येत. वडील त्यांना जन्मभर बेअक्कल म्हणाले, आणि काकांनाही ते खरेच वाटत राहिले. मला हे उमगले तेव्हा दोघेही गेलेले होते. सांगायचे कोणाला?

म्हणून मी बाकावर बसतो. इथे बक्षीस नाही, फी नाही, आणि प्रत्येक आडव्याला उभा साक्षीदार आहे. कालचे एक अजून अडले आहे: ‘थोरला भाऊ’, तीन अक्षरी, पहिले ‘अ’. ‘अग्रज’ की ‘अण्णा’, यावर ए विंग आणि बी विंग समोरासमोर आहेत. (अण्णा दोनच अक्षरी, हे बी विंगला कोणीतरी समजवा.) पाच वाजता या. पेन्सिल आणलीत तर दोन होतील.