खरखरीआडचे रहिमतखाँ

ग्वाल्हेरला लष्कर भागात माझे एक स्नेही राहतात. उंची ध्वनियंत्रे जमविण्याचा त्यांना नाद आहे. त्यांच्या दिवाणखान्यात तंबोरा ऐकावा तर तो समोर बसून कोणी छेडीत आहे असे वाटावे. परवा त्या यंत्रावर त्यांनी रहिमतखाँची एक जुनी तबकडी लावली. आरंभी कानी आली ती नुसती खरखर. कढईत भजी तळावीत तशी! शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "एवढ्या यंत्रावर हे ऐकण्यात काय हशील?"

प्रश्न गैर नव्हता. पण गाणारे कोण होते ते पाहा. हद्दूखाँ व हस्सूखाँ या बंधूंनी शिंद्यांच्या आश्रयाने ख्यालाला जे रूप दिले, त्यास आपण ग्वाल्हेर घराणे म्हणतो. रहिमतखाँ हे हद्दूखाँचे पुत्र. अफूच्या नादाने काशीत विपन्नावस्थेत असलेल्या या गवयाला हद्दूखाँचेच शिष्य, सर्कशीचे मालक विष्णुपंत छत्रे यांनी आणून सांभाळले. १९२२ साली कुरुंदवाडास खाँसाहेब निवर्तले. त्याच साली भास्करबुवा बखलेही गेले, आणि त्यांची तर एकही ध्वनिमुद्रिका नाही. हद्दूखाँच्या काळी असे यंत्रच नव्हते. तेव्हा रहिमतखाँच्या उतारवयातील या मोजक्या तबकड्या म्हणजे त्या घराच्या गळ्याची प्रत्यक्ष साक्ष होय.

ही साक्ष अपुरी आहे, हे कबूल केले पाहिजे. विद्युत् ध्वनिमुद्रण १९२५ साली आले. त्यापूर्वी गवयाने कर्ण्यात तोंड घालून गावयाचे आणि त्या आवाजाच्याच जोरावर सुईने मेणात रेघ कोरावयाची. सेकंदास सुमारे २०० ते २,००० कंपनांपलीकडचे फारसे काही त्यात उतरत नसे. खर्जाची तार गेली, तबल्याचा घुमारा गेला. तासभर फुलणारा ख्याल तीन मिनिटांत कोंबला गेला. वीस हजार कंपनांपर्यंत पोचणाऱ्या यंत्राला वरच्या अंगाला देण्याजोगे उरते ते केवळ खरखरच.

मग यंत्राचा उपयोग काय? तो अन्यत्र आहे. जुन्या ग्रामोफोनची पोलादी सुई शंभर ग्रॅमांहून अधिक भार देऊन दर खेपेस खाच खरवडीत असे. आजची सुई अवघ्या काही ग्रॅमांनी टेकते. रुंदी पारखून सुई बदलली, की खाचेच्या न झिजलेल्या भागावरून ती चालते. त्या काळच्या तबकड्या सगळ्या ७८ फेऱ्यांच्याच असत असेही नाही. गती चुकली की षड्ज सरकतो आणि गवयाचे वयही बदलल्यासारखे वाटते. माझ्या स्नेह्यांनी गती जुळविली आणि दोहोंपैकी एकच ध्वनिक्षेपक चालू ठेवला. एकपदरी तबकडीला दुसरा हवा कशाला?

यानंतर त्यांनी भैरवीची ठुमरी लावली. हीच पुढे अब्दुल करीमखाँच्या गळ्यातून घरोघर गेली. खरखर होतीच, परंतु पत्र्यावरच्या पावसासारखी ती एकसारखी राहिली आणि कानाने हळूहळू तिला बाजूस सारले. मग स्वर ऐकू येऊ लागला. आकार कोठे सुटतो, तान संपता संपता दम कसा पुरतो, हे सारे कळू लागले.

आता संगणकाने खरखर पुसण्याची सोय झाली आहे. मला तिचे भय वाटते. श्वास आणि 'स'कार हे खरखरीच्याच शेजारी नांदतात. हात थोडा सैल सुटला की तेही जातात आणि उरतो तो भुशाने भरलेला पक्षी. म्हणून स्नेह्यांनी न पुसलेली नक्कल वेगळी जपली आहे. माळ्यावरच्या तबकड्या कुणी रद्दीवाल्यास देऊ लागला, तर ते स्वतः जाऊन घेऊन येतात.

ते गृहस्थ मात्र जागचे उठले नाहीत. चहा निवून गेला होता.