घाट उतरून राणीच्या बागेत

19 नोव्हेंबर 1862 रोजी भायखळ्याला लेडी फ्रिअर यांच्या हस्ते व्हिक्टोरिया गार्डन्स, म्हणजे राणीची बाग, खुली झाली. पाच महिन्यांनी, 21 एप्रिल 1863 ला, त्यांचे यजमान, मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी बोरघाटातल्या रेल्वेमार्गाचं उद्घाटन केलं. इतिहासाच्या पुस्तकांत या दोन गोष्टी वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. आम्हा मावळातल्या माणसांना मात्र त्या वेगळ्या काढता येत नाहीत. घाटातून गाडी उतरली नसती, तर राणीची बाग आमची झालीच नसती.

माझं गाव औंढे. लोणावळ्याहून दुधिवरे खिंडीकडे, पवना धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं. मुंबईचा समुद्र आमच्यापासून सरळ रेषेत फार लांब नाही, पण इंद्रायणीला लागलेलं आमचं पाणी तिकडे जात नाही. ते भीमेला मिळतं, कृष्णेला मिळतं आणि पार बंगालच्या उपसागरात उतरतं. पश्चिमेकडे आमच्या भागातलं पाणी वळलं ते टाटांनी लोणावळा, वळवण आणि शिरवत्याचे तलाव बांधले तेव्हा. 1915 साली खोपोलीचं वीजघर सुरू झालं आणि इथल्या पावसावर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. पाण्याच्या आधी माणसं उतरली होती. घाटमार्ग बांधायला हजारोंनी मजूर लागले. 37 फुटांना एक फूट असा चढ, 25 बोगदे, साथीच्या रोगांनी मेलेली माणसं. मार्गाचे एक ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 साली इथे येऊन थोड्याच दिवसांत वारले आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी ते काम पुढे चालू ठेवलं. त्या बाईंचं नाव घाटातून रोज जाणाऱ्यांना माहीत असायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

गाडी सुरू झाली म्हणून मावळातला शेतकरी लगेच पोराबाळांना घेऊन समुद्र बघायला निघाला, असं झालं नाही. त्याला मुंबईत टेकायला जागा लागते. ती जागा डब्यांनी दिली. 1890 च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी मुंबईत जेवणाचे डबे पोचवण्याचं काम बांधून काढलं, आणि त्यात मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यातली माणसं शिरली ती आजतागायत. भायखळ्याच्या बागेत जनावरांचे पिंजरे उभे राहिले तेही त्याच सुमाराचं. एका गावची दहा-पंधरा माणसं एका खोलीत राहायची, तिला गावकीची खोली म्हणत. सकाळी डबे उचलायचे, दुपारी पोचवायचे, संध्याकाळी रिकामे परत करायचे. सुट्टी रविवारी. आणि चैत्रात ग्रामदेवतांच्या जत्रांना सगळे गावी. त्या आठवड्यात मुंबईतले डबे बंद असतात, हे मुंबईकरांनीही मानलेलं आहे.

म्हणजे आमच्या घरचा माणूस सहा दिवस मुंबईकरांना जेवू घाली आणि सातव्या दिवशी आम्हाला मुंबई दाखवी. माझे चुलते, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, दादरच्या ऑफिसांचे डबे वाहायचे. जत्रा उरकून परत जाताना ते घरातल्या कुणाला तरी सोबत न्यायचे. कुणाची पाळी हे आजी ठरवी. बायकामाणसं आली की खोलीतले गडी गॅलरीत झोपायला जायचे, त्यावर कुणी कधी कुरकुर केली नाही.

याच चैत्रात उलटी ये-जाही चालते. चैत्र शुद्ध सप्तमीला कार्ल्याच्या एकवीरा आईची पालखी निघते आणि मुंबई, ठाणे, रायगडचे कोळी-आगरी घाट चढून येतात. मळवली स्टेशन त्या दिवसांत भरून वाहतं. समुद्र पाहण्याआधी समुद्रावरची माणसं आम्ही पाहिलेली असतात. त्यांची गाणी, त्यांच्या बायकांच्या डोक्यातले गजरे, होडीबद्दलचं बोलणं हे सगळं आमच्या कानांवरून आणि डोळ्यांखालून गेलेलं असतं.

आता तो रविवार. लोणावळ्याहून सकाळची गाडी धरायची. खंडाळा गेला की पोरं एका खिडकीवर तुटून पडत, आणि प्रत्येक बोगद्यात सगळा डबा ओरडत असे. कर्जतला लोकल पकडायची, ती भायखळ्याला थांबते. स्टेशनातून पूर्वेला बाहेर पडलं की बाग चालत जाण्याच्या अंतरावर. 1853 साली बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली त्याच मार्गावरचं हे स्टेशन. बागेला इतकं जवळचं स्टेशन मिळालं नसतं, तर डोक्यावर भाकऱ्यांचं गाठोडं घेतलेल्या बायका तिथवर पोचल्या असत्या का, कोण जाणे.

आत शिरल्यावर पहिला हत्ती दगडाचा. भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी उभा असलेला हा हत्ती घारापुरीचा. 1864 साली तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, उचलताना तुटला, आणि पुढे त्याचे तुकडे जोडून 1914 च्या सुमारास या बागेत उभा केला गेला. माझी धाकटी बहीण त्याला पाहताक्षणी म्हणाली, "हा तर एकवीरेचा हत्ती." कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या ओसरीत दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेले हत्ती ती दर जत्रेला बघत आली होती. तिला मुंबईत ओळखीचं कुणीतरी भेटलं होतं. थोडं पुढे काळा घोडा. राजा सातव्या एडवर्डचा तो पुतळा 1965 साली इथे आणून ठेवलेला. नाना तोही दाखवत, कारण काळा घोडा भागात डबे टाकणारे त्यांचे सोबती अजून त्याच नावाने पत्ता सांगत होते.

मला सगळ्यात जास्त आठवते ती पाणघोड्यासमोर उभी राहिलेली माझी आई. भोवतीची शहरातली मंडळी पाणघोड्याने तोंड उघडावं म्हणून टाळ्या वाजवत होती. आई कठड्याला टेकून त्याच्या पाठीकडे बघत होती, कानांकडे, मग बराच वेळ शेणाकडे. घरी तिच्या हाताखाली चार म्हशी होत्या. तिने राखणदाराला हाक मारली, "दादा, ह्याला वैरण काय घालता वो? आन् किती?" तो माणूस साताऱ्याकडचा निघाला. त्याने गवत, भाजी, खुराक असं सगळं नीट सांगितलं. मग त्या दोघांचं जनावराच्या पोटफुगीवर जे बोलणं सुरू झालं, ते संपेना. आम्ही पोरं सिंहाकडे ओढत होतो. आज वाटतं, त्या गर्दीत पाणघोड्याला जनावर म्हणून बघणारी माणसं ती दोनच होती.

प्राणीबागांच्या इतिहासात राजेरजवाडे असतात, साहेब असतात, संचालक असतात. बघायला आलेल्यांची नोंद 'गर्दी' एवढीच. पण त्या गर्दीतला मोठा भाग घाटावरून आणि कोकणातून आलेल्या, रोज गुरांत वावरणाऱ्या माणसांचा होता. त्यांना वाघाचं भय ऐकून माहीत होतं, बैलाचं दुखणं हाताने माहीत होतं. बांधलेलं जनावर त्यांना खटकत नसे, कारण गोठ्यात तेही बांधत. उपाशी किंवा रोड दिसलेलं मात्र लगेच खटके. त्या काळी बागेत हत्तीवर, उंटावर बसायला मिळे. नाना पैसे काढायला लागले तेव्हा आजी म्हणाली, पोरं बसतील, मोठ्यांनी बसायचं नाही, त्याला दिवसभर ओझं असतं. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि 1992 साली स्थापन झालेलं केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण पुढे बरंच काही बदलणार होतं. आजीला त्यातलं काही ठाऊक नव्हतं, तरी तिचा न्याय त्याच दिशेचा होता.

बागेत भाकऱ्या खाऊन दुपारी चौपाटी. आजीच्या पिढीने तो प्रवास ट्रामने केला, मुंबईची ट्राम 1964 च्या मार्चअखेर बंद झाली. आम्ही बसने गेलो. चर्नी रोडच्या समोर, मरीन ड्राइव्हवर, तारापोरवाला मत्स्यालय. 1951 साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी त्याचं उद्घाटन केलं होतं. आतल्या अंधारात काचेमागे कासव, ईल, रंगीत मासे. ओढ्यात मळे आणि खेकडे धरणाऱ्या आम्हा पोरांना ते मासे खायचे नाहीत हेच कळायला वेळ लागला. मग गिरगावची वाळू. 1920 साली जिथे लोकमान्यांना अग्नी दिला, तिथल्या त्यांच्या पुतळ्याला आधी नमस्कार, त्यानंतर पाण्यात पाय. आईने ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, थुंकलं, आणि पुन्हा घेतलं. भेळ सगळ्यांत मिळून. परतताना कर्जतला मागून इंजिनं जोडेपर्यंत दिवाडकरांचा वडा, आणि घाट चढेपर्यंत सगळे झोपलेले.

पुण्याच्या बाजूलाही एक वाट होती. 1953 चं पेशवे पार्क, त्यातली 1956 ची फुलराणी ही छोटी आगगाडी. 1978 साली पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली आणि शाळेच्या सहली तिकडे वळल्या. पुढे तिथले प्राणी कात्रजला गेले. तिथे जागा ऐसपैस आहे, आणि जनावराच्या दृष्टीने तेच बरं. पण पुण्याला समुद्र नाही.

द्रुतगती मार्ग झाल्यापासून रविवारी शहरंच आमच्याकडे चढून येतात, पावसाळ्यात तर औंढ्याच्या रस्त्यावर गाड्यांच्या रांगा लागतात. कोविडच्या टाळेबंदीत डबे थांबले, कितीतरी डबेवाले गावी परतले आणि त्यातले बरेच परत गेलेच नाहीत. गावकीच्या खोल्याही हळूहळू गेल्या. तारापोरवाला 2020 पासून बंद आहे. राणीच्या बागेत 2016 साली सोलहून हम्बोल्ट पेंग्विन आले, पुढच्या वर्षी ते लोकांना दाखवायला सुरुवात झाली आणि मोठ्यांचं तिकीट 5 रुपयांवरून 50 झालं. चौघांच्या कुटुंबाला 100 रुपये ठेवले, हे मला बरं वाटलं. पण नानांबरोबर जाणारं कुटुंब चौघांचं कधीच नसायचं.

बाग आता वीरमाता जिजाबाईंच्या नावाने आहे आणि गाडीची वाट तीच आहे. माझ्या नातवंडांना पेंग्विन बघायचेत. मी त्यांना मोटारीने नेणार नाही. लोणावळ्याहून सकाळची गाडी, कर्जतला लोकल, भायखळ्याला पूर्वेला उतरायचं. भाकऱ्या घरून. बुधवारी जायचं नाही, त्या दिवशी बाग बंद असते.